आणखी अर्धा फेरा

चेंबरचा नट आजवर कुणीही खराब केलेला नाही. कोल्हापूरपासून कळंबोलीपर्यंत कुठल्याही गॅरेजात चौकशी करून बघा. ट्रकखाली सरपटत गेलेला मेस्त्री कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर येतो, चिंधीला हात पुसतो आणि मालकाकडं न बघताच विचारतो, "ह्याच्या आधी कुणाचा हात लागलाय ह्येला?" हा प्रश्न नसतो, निकाल असतो. आधीच्या मेस्त्रीला गाठून विचारावं, तर गाडी त्याच्याकडं आली तेव्हाच नट गेलेला होता. त्याच्या आधीच्यानं गॅरेज मोडून गावाकडं म्हशी घेतल्यात. त्याच्याही मागं गेलात तर आरोप थेट कंपनीवर जातो, आणि कंपनीत तर तो नट यंत्रानं बसवलेला. म्हणजे नट आपला आपणच बिघडला. आपल्याकडं बरीच सार्वजनिक कामं अशीच आपली आपण बिघडतात, पण तो विषय वेगळा.

ज्यांनी ट्रक फक्त समोरून अंगावर येतानाच पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठायला एक भांडं असतं, तो चेंबर. कुठं पत्र्याचा, कुठं ॲल्युमिनियमचा. इंजिन जेवढं मोठं तेवढं ऑइल जास्त. सहाचाकी ट्रकला दहा-पंधरा लिटर लागतं. चेंबरच्या सगळ्यांत खालच्या अंगाला एक भोक, भोकात आटे, आट्यांत नट आणि नटाच्या डोक्याखाली तांब्याचा पातळ वायसर. जुनं ऑइल सोडताना नट काढायचा, नवं ओतायच्या आधी लावायचा. इंजिनातले बाकीचे भाग मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेत असतात, तापतात, घासतात, झिजतात. हा नट काहीही करत नाही. जागच्या जागी बसून राहणं एवढीच त्याची नोकरी. आणि तरी गॅरेजात सगळ्यांत जास्त शिव्या ह्यालाच बसतात.

त्याचं वाटोळं होतं ते निष्काळजीपणानं नव्हे, काळजीपोटी. नट ढिला राहिल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. अमक्याची गाडी खंबाटकीच्या घाटात होती, नट कधी पडला कळलंच नाही, ऑइल सगळं रस्त्यावर, बेअरिंग पकडलं, क्रँक गेला, लाखाला खड्डा. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचे डोळे मोठे होतात. जास्त आवळल्यानं कुणाचं नुकसान झालं ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. कारण ती लगेच घडत नाही. ती पुढच्या ऑइलला घडते, आणि तोवर आवळणारा दुसऱ्या गाडीखाली असतो. त्यामुळं नट लावून झाला की मेस्त्री म्हणतो, झालं. ड्रायव्हर म्हणतो, जरा बघा. मालक म्हणतो, आणखी अर्धा फेरा दे की, लांब जायचंय. आणि अर्ध्या फेऱ्याला कुणाचे पैसे पडत नाहीत.

पाना पुरत नसेल तर पाइप असतोच. नळाच्या पाइपचा तो हातभर-दीडहात तुकडा नसलेलं गॅरेज मी अजून पाहिलेलं नाही. तो पान्याच्या दांड्यावर चढवायचा आणि जोर लावायचा. हिशेब सोपा आहे. तीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर दिला तर नटाला साठेक न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. पुष्कळ चेंबरच्या नटांना एवढं पुरतं. तोच वीस किलोचा जोर मीटरभर पाइपच्या टोकाला दिला की पीळ दोनशेच्या घरात जातो. गंमत म्हणजे, जोर देणाऱ्याच्या दंडाला दोन्ही वेळा सारखंच वाटतं. दंड म्हणतो, मी कुठं काय केलं?

ऑइल थांबवायचं काम मुळात आट्यांचं नसतंच. ते वायसरचं. तांबं मऊ, दोन कठीण अंगांच्या मधे ते किंचित दबतं, बारीकसारीक ओरखडे भरून काढतं आणि ऑइलची वाट बंद होते. एकदा दबलेला वायसर पुन्हा तसाच लावला तर तो दबायला तयार नसतो, मग ठिबकतं. ठिबकतं म्हणून आवळायचं, आवळलं की जरा थांबतं, पुढच्या वेळी पुन्हा ठिबकतं. जुने मेस्त्री वायसर गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करून घेत. आता तेवढा वेळ कुणाला नाही, आणि नवा वायसर आणायला दुकान चार पावलांवर असतं म्हणून तोही कुणी आणत नाही.

आणि आटे? आटे सगळे मिळून ओझं उचलतात असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. नटाच्या डोक्याजवळचा पहिला आटा जवळजवळ तिसरा हिस्सा एकटा पेलतो, पुढचा त्याहून कमी, आणि शेवटचे दोन-तीन नावापुरते. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखं सगळं त्याच्याच अंगावर. थोरला बसला की भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, आणि एक दिवस नट गोल गोल फिरायला लागतो, ना आत जातो ना बाहेर येतो. मेस्त्री वर बघून म्हणतो, "फ्री झालाय."

ह्यावर उपाय नाही असं नाही. टॉर्क रेंच नावाचा पाना बाजारात मिळतो. त्यावर आकडा लावून ठेवायचा, तेवढा पीळ बसला की तो टक्कन आवाज करतो आणि सांगतो, पुरे. उद्यमनगराच्या अंगाला असलेल्या आमच्या ओळखीच्या गॅरेजात असा एक टॉर्क रेंच आहे. तो काचेच्या कपाटात, मखमलीच्या खोळीत असतो. खंडेनवमीला त्याला बाहेर काढतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात आणि दसऱ्याचं सोनं लुटायच्या आधी परत आत ठेवतात. वापरत का नाही म्हणून विचारलं तर मेस्त्रीनं आपल्या उजव्या दंडावर डावा हात मारून दाखवला. "ह्यो काय खोटं बोलतोय व्हय?"

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत त्या गॅरेजात बसायला जागा मिळत नाही. गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. एकदा कारखान्याचं बॉयलर पेटलं की ऊस ओढणाऱ्या गाडीला मार्च-एप्रिलपर्यंत उसंत नाही, म्हणून ज्याला त्याला ऑइल बदलून घ्यायचं असतं आणि ते आजच घ्यायचं असतं. आमच्या आतेभावाचा सहाचाकी ट्रक असाच रांगेत उभा होता. मागच्या फळीवर "आईचा आशीर्वाद", पुढं लिंबू-मिरची, आणि खाली तो नट. ऑइल गरम असताना सोडायचं असतं, म्हणजे ते पातळ होऊन वाहतं आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन जातं. त्यामुळं इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलेलं. गॅरेजातलं पोरगं पत्र्याचा डबा घेऊन खाली गेलं. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "मेस्त्री, हलंना."

ह्या दोन शब्दांना कोल्हापुरात माणसं जमतात. तालमीतून परतणारे दोघं, शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला एक, रिक्षा टेकवून उभा राहिलेला एक, आणि एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका, जे रोज चहाच्या वेळेला गॅरेजात येऊन आजकालच्या मेस्त्र्यांना काय येत नाही ते सांगत बसतात. काकांची नोकरी काही वर्षं दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत झालेली. त्यांच्या लेखी दापोडीबाहेर ज्याला इंजिन म्हणतात ते सगळं खेळण्यातलं.

"डावीकडं फिरव," रिक्षावाला म्हणाला.

"कुणाच्या डावीकडं? माझ्या का त्याच्या?" तालमीतल्यानं रास्त मुद्दा काढला. पोरगं उताणं, नटाचं डोकं खाली, सगळे बघणारे बाहेर उभे. प्रत्येकजण हवेत आपला आपला हात फिरवून दिशा दाखवायला लागला. चार हात, तीन दिशा.

मग काका बोलले. "उलटे आटे असतील." सगळे गप्प झाले. काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे सांगायला पाहिजे. उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलला असतात, वेल्डिंगच्या ॲसिटिलीनच्या नळकांड्याला असतात, काही जुन्या ट्रकांच्या डाव्या अंगाच्या चाकांच्या नटांना असत. नाहीतर चाक फिरता फिरता नट सुटायचे. काकांनी हे सगळं, उदाहरणांसकट, चहाचा घोट घेत समजावून सांगितलं. चूक एवढीच की चेंबरच्या नटाला उलटे आटे नसतात. पोरगं बिचारं काकांच्या शब्दावर पाइप लावून उलटं ओढत राहिलं, आणि आधीच चिंबलेल्या नटाला कंपनी सोडल्यापासूनचा सगळ्यांत जास्त पीळ त्या संध्याकाळी बसला.

पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. रिंग पाना सटकला आणि नटाच्या सहा कोपऱ्यांतले तीन गोल झाले. मग पाइप पाना आला, त्यानं उरलेले तीन नेले. मग वाइस ग्रिप. मग छन्नी-हातोडा, कडेला खाच पाडून ठोकत ठोकत फिरवायचा प्रयत्न. प्रत्येक हत्यार आधीच्यापेक्षा मोठं, आणि नट आधीपेक्षा लहान. मेस्त्री दर वेळी बाहेर येऊन म्हणायचा, "आधीच्यानं लई आवळलाय वो मालक," आणि आतेभाऊ मान डोलवायचा. मागच्या वेळचं ऑइल ह्याच गॅरेजात बदललं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण अशा वेळी सत्य बोलून हंगाम खराब करायचा नसतो.

नटाचे कोपरे जातात त्यामागं थोडा इतिहासही आहे, आणि तो मला मेस्त्र्यांच्या रागापेक्षा जास्त रंजक वाटतो. सारखे आटे ही गोष्ट जगात फार जुनी नाही. एके काळी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढायचा नाही. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनियरनं कारखान्याकारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि आट्याचा कोन 55 अंशांचा ठरवून टाकला. पुढं अमेरिकेनं 60 अंश धरले, युरोपनं मिलिमीटर धरले, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे नट एकमेकांना बसेनात तेव्हा सगळ्यांची पंचाईत झाली. 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ह्यांनी बसून एक सामायिक आटा मान्य केला. युद्ध जिंकायला जेवढं जमलं तेवढं नट जुळवायला जमलं नव्हतं.

आपल्याकडं दोन्ही वंश एकाच वेळी आले. टाटांनी 1954 साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले, ते मिलिमीटरवाले. अशोक मोटर्सशी ब्रिटनच्या लेलँडनं सोयरीक केली आणि 1955 पासून तिचं नाव अशोक लेलँड झालं, ते इंचवाले. मेस्त्र्यांनी दोन्ही संस्कृती एकाच पेटीत घातल्या. पाऊण इंचाच्या नटाला एकोणीसचा पाना अगदी चपखल बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. तेवढ्या एका योगायोगावर सगळ्यांचा असा समज झाला की इंच आणि मिलिमीटर ही सख्खी भावंडं आहेत. मग अकरा-सोळांश इंचाच्या नटाला, म्हणजे साडेसतराच्या आसपासच्या डोक्याला, सतराचा जात नाही म्हणून अठराचा लावायचा. अर्ध्या मिलिमीटरची ढील राहते. तेवढ्या ढिलीत पाना फिरतो, नट फिरत नाही, आणि कोपरे जातात. आता गाड्या जवळजवळ सगळ्याच मिलिमीटरच्या आहेत. पेटीतला अठराचा मात्र अजून त्याच हौसेनं पुढं होतो.

आतेभावाच्या नटाकडं परत जाऊ. शेवटी शेजारच्या वेल्डिंगवाल्याला आदरानं आत बोलावलं. त्यानं गोल झालेल्या डोक्यावर एक मोठा जुना नट ठेवला, ओलं पोतं हाताशी घेतलं आणि दोन्ही वेल्ड करून जोडले. ह्यात दुहेरी फायदा असतो. पाना धरायला नवं डोकं मिळतं, आणि उष्णतेनं पकड सैल होते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. चेंबरचं भोक नटापेक्षा जास्त रुंदावतं. पाना लावला, कर्र असा आवाज झाला आणि नट सुटला. टाळ्या पडल्या. लगोलग तो पोराच्या बोटांतून निसटून गरम ऑइलच्या डब्यात गेला. हे प्रत्येक वेळी होतं. चेंबरचा नट हातात राहिला असं मी एकदाही पाहिलेलं नाही.

लोहचुंबकानं तो वर काढला, डिझेलनं धुतला आणि मेस्त्रीनं उजेडात धरला. आट्यांच्या खाचेत ॲल्युमिनियमची बारीक चकचकीत तार गुंडाळून आलेली होती, गोल गोल, जरीच्या कलाबतूइतकी सुबक. ते चेंबरचे आटे होते. सगळेच्या सगळे. भोक आतून गुळगुळीत.

इकडं कॅन घेऊन दोघं आधीच उभे. एक सेंट्रिंगवाला, त्याला प्लेटांना लावायला जळकं ऑइल हवं. दुसऱ्याच्या गोठ्याच्या मेढींना वाळवी. 2016 च्या नियमांप्रमाणं वापरलेलं ऑइल हे घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडंच जायला हवं. काकांना हा नियम माहीत होता, त्यांनी तो मोठ्यानं सांगितला आणि स्वतःसाठी अर्धा लिटर बाजूला काढायला लावलं.

आता खरी सभा सुरू झाली. आटे गेलेल्या भोकाचं काय करायचं ह्यावर महाराष्ट्रात जेवढी मतं आहेत तेवढी ऊसदरावरही नसतील. पहिला पक्ष टेफ्लॉन टेपवाल्यांचा. नटाला पांढरी टेप गुंडाळा, वर एम-सील थापा, चालतंय. चालतं, पहिल्या चढापर्यंत. दुसरा पक्ष म्हणतो, एक नंबर मोठा नट घ्या आणि दाबून बसवा, तो आपले आटे आपणच पाडत जातो. जातोही, पण वाकडा गेला की चेंबरला चीर. तिसरा म्हणतो, आर्गन वेल्डिंगनं भोक भरून नवं पाडा. ॲल्युमिनियमला साधं वेल्डिंग चालत नाही, आर्गनच लागतं, आणि ऑइल मुरलेल्या ॲल्युमिनियमवर ते धड धरत नाही हे आर्गनवाला पैसे घेतल्यावर सांगतो. चौथा पक्ष ड्रायव्हरांचा. त्यातल्या एकानं सांगितलं की पूर्वी बाभळीची खुंटी चिंधी गुंडाळून ठोकायचे आणि मुक्काम गाठायचे. हे ऐकून रिक्षावाल्याला साबण आठवला. डिझेलच्या टाकीला गळती लागली तर अंगाचा साबण चोळून बुजवतात, कारण डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. खरं आहे. पण चेंबरचं ऑइल शंभर अंशाच्या आसपास तापतं. तिथं साबण लावला तर इंजिनाची आंघोळ होईल, एवढंच.

ह्या सगळ्यात मेस्त्री गप्प होता. मला त्याचं कौतुक वाटलं ते इथं. आवळताना ज्याला हात आवरत नाही, त्याला दुरुस्तीला मात्र काय करायचं ते नेमकं ठाऊक असतं. त्यानं चेंबर उतरवायला घेतला. वीसेक बोल्ट, कॉर्कचं पॅकिंग, खाली जॅक. तासाभरानं चेंबर रिकाम्या पोत्यात गुंडाळून आतेभावाच्या काखेत, आणि आम्ही उद्यमनगरात टर्नरच्या दारात.

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा संध्याकाळी चक्कर मारावी. गल्लीत लेथ, लेथशेजारी लेथ, दारात लोखंडाच्या चुऱ्याचे ढीग. कोल्हापूरनं ऑइल इंजिनं बनवली ती ह्याच हातांनी. टर्नर वयस्कर होता, चश्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. त्यानं चेंबर उलटा करून भोकात करंगळी फिरवली आणि आमच्याकडं बघितलं. डॉक्टरनं एक्स-रेकडं न बघता रोग्याच्या नातेवाइकांकडं बघावं तसं नव्हे. आम्ही तिथं नसतो तर बरं झालं असतं, असं.

"पाइप लावलाता?"

आतेभाऊ म्हणाला, "आधीच्यानं लावलाता."

टर्नर हसला नाही. त्यानं नटाचे आटे पिच गेजच्या कंगव्याला लावून बघितले. दीडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. मग भोक मोठं करून घेतलं आणि टॅपचा संच काढला. त्यात तीन टॅप असतात. पहिला निमुळता, तो वाट काढतो. दुसरा ती रुंद करतो. तिसरा तळापर्यंत साफ करतो. घाईला एकच पुरतो म्हणणारे आहेत, त्यांचे टॅप भोकातच मोडून राहतात. टॅपच्या खाचांत त्यानं ग्रीस भरलं, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. मग दोन्ही हातांनी दांडी धरून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. पुन्हा अर्धा पुढं, पाव मागं. मागं घेतलं की कीस मोडतो आणि टॅप अडकत नाही. मधेच थांबून तो टॅपशेजारी गुण्या उभा करून बघायचा. जोर असा कुठंच नव्हता. ज्या धातूला आमच्या मेस्त्रीनं आणि तालमीतल्या दोघांनी मिळून हलवता हलवता घाम गाळला होता, त्याच धातूत हा माणूस दोन बोटांच्या जोरावर नवे आटे पाडत होता.

त्या भोकात त्यानं लेथवर घडवलेला पोलादी बुश बसवला. बाहेरून मोठे आटे, आतून मूळ नटाच्या मापाचे, बाहेरच्या अंगाला लॉकटाइटचा थेंब. आता ॲल्युमिनियमला रोज उठून पोलादाशी झुंजायचं कारण नाही. काढ-घाल पोलादात पोलादाची. नवा नट, नवा वायसर. चेंबर डिझेलनं दोनदा धुतला, कारण ॲल्युमिनियमचा एक कण ऑइलबरोबर बेअरिंगला पोचला तर सगळी मेहनत पाण्यात. पैसे देताना आतेभावानं दोनशे कमी करा म्हटलं. टर्नर म्हणाला, "करतो. पण पुन्यांदा पाइप लावलासा तर माझ्याकडं येऊ नगासा." दोनशे कमी झाले नाहीत.

गॅरेजात चेंबर चढला, ऑइल पडलं, इंजिन सुरू केलं. सगळे खाली वाकून बघतायत. थेंब नाही. मेस्त्रीनं खोळीतून टॉर्क रेंच काढला होता, अजून त्यावर खंडेनवमीचं कुंकू होतं, आणि टक्कन आवाज आल्यावर त्यानं हात काढला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं. काका मात्र अस्वस्थ होते. ड्रायव्हरही. एवढ्याशा जोरात नट बसतो ह्यावर कुणाचा विश्वास बसेना. आतेभाऊ दोनदा खाली गेला, दोनदा वर आला, आणि शेवटी तो बोललाच, "मेस्त्री, लांब जायचंय हो. आणखी अर्धा फेरा..."

2020 नंतरच्या नव्या बीएस-सिक्स गाड्यांत म्हणे सगळ्याला सेन्सर आहेत. युरिया कमी झाला की दिवा, हवा अडली की दिवा, ऑइलचा दाब उतरला की दिवा. मेस्त्री आता पान्याच्या आधी लॅपटॉप उघडतो. पण नट जास्त आवळला गेलाय ह्याचा दिवा अजून कुठल्या कंपनीनं दिलेला नाही, आणि तो नट नव्या गाडीलाही तिथंच, तसाच आहे.

तेव्हा ट्रक असो, टेम्पो असो नाहीतर मोटारसायकल, ऑइल बदलायला गेलात की दोन गोष्टी करा. तांब्याचा वायसर नवा मागा, तो एका कटिंग चहात येतो. आणि मेस्त्रीचा हात पाइपकडं जाताना दिसला की त्या चहाला त्याला ताबडतोब बाहेर बोलवा. चहाचे पैसे तुम्ही द्या.